जुन्या डेस्कटॉपला आवाज नाही: आधी हिरव्या पट्ट्या बघा, ड्रायव्हर नंतर

वापरलेला डेस्कटॉप जोडला, विंडोज नीट सुरू झालं, इंटरनेटही चाललं, पण आवाजाचा पत्ता नाही. अशा वेळी बरेच जण लगेच ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअर चालवायला लागणारा प्रोग्राम, डाउनलोड करायला बसतात. चार ठिकाणांहून चार ड्रायव्हर टाकून झाले की मूळ बिघाड कुठे होता तेही कळेनासं होतं. नव्याकोऱ्या मशीनमध्ये ड्रायव्हरवर पहिला संशय घेणं ठीक आहे. जुन्यात मात्र आधीच्या मालकाने काय बंद करून ठेवलं होतं, काय काढून घेतलं आणि कॅबिनेट साफ करताना कोणती वायर परत लावायची राहिली, हे आधी तपासायचं असतं. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी आवाज नेमका कुठे अडतोय ते शोधा.

आवाज कुठे अडला?

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एम एम एस वाय एस, मग टिंब, मग सी पी एल असं सलग टाइप करून एंटर दाबा. साउंडची जुनी खिडकी उघडेल. ती विंडोज ७, १० आणि ११ तिन्हींत आहे. 'प्लेबॅक' टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' व 'शो डिस्कनेक्टेड डिव्हायसेस' या दोन्हींवर खूण करा. आता एखादं गाणं किंवा व्हिडिओ लावून ठेवा आणि यादीतल्या डिव्हाइसच्या उजवीकडच्या उभ्या पट्ट्यांकडे बघा.

पट्ट्या हिरव्या होऊन नाचत असतील तर विंडोजने आपलं काम केलेलं आहे. आवाज तयार होतोय, फक्त चुकीच्या जागी जातोय किंवा पुढे जॅक, वायर, स्पीकर यांपैकी कुठेतरी मरतोय. इथे ड्रायव्हर बदलण्यात सहसा वेळ वाया जातो.

डिव्हाइस दिसतंय पण पट्ट्या निपचित असतील तर दोष ॲप, म्यूट किंवा विंडोजच्या सर्व्हिसमध्ये (मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) शोधायचा.

आणि यादीत 'स्पीकर्स' नावाचं काहीच नसेल, किंवा टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर फुली असेल आणि 'नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड' असं येत असेल, तर दोष बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम), ड्रायव्हर किंवा खुद्द साउंडच्या चिपमध्ये शोधायचा.

पट्ट्या नाचतात, कानावर काही नाही

पट्ट्या कोणत्या नावासमोर नाचतायत ते वाचा. मॉनिटरचं मॉडेल आणि त्याखाली 'एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' किंवा 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' असं लिहिलेलं असेल, तर आवाज एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टच्या वायरीतून मॉनिटरकडे चाललाय. मॉनिटरला स्पीकर नसले आणि फक्त हेडफोनचं भोक असलं, तरी आपल्याला आवाज चालतो असं तो कॉम्प्युटरला कळवतो आणि विंडोज त्यालाच मुख्य आउटपुट करून टाकतं. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं किंवा मॉनिटर बदलला की आवाज गेला, यामागे बहुतेक वेळा हेच असतं. 'स्पीकर्स'वर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' दाबा. परत परत तसंच होत असेल तर मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून ते डिसेबल करून टाका.

आवाज मॉनिटरमधूनच हवा असेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला व्हॉल्यूम शून्यावर नाही ना, ते बघा. व्हीजीएच्या वायरीतून आवाज जातच नाही. व्हीजीएचं एचडीएमआय करणाऱ्या कन्व्हर्टरला आवाजासाठी वेगळी वायर लागते. आणखी एक जुनी गोम: २००८ च्या आसपासच्या काही एनव्हिडिया कार्डांवर एचडीएमआयला आवाज हवा असेल तर मदरबोर्डच्या एसपीडीआयएफ (डिजिटल आवाजाच्या) पिनांपासून कार्डापर्यंत दोन तारांची छोटी केबल लावावी लागायची. जुन्या मशीनसोबत ती केबल क्वचितच हाती येते.

डिव्हाइस बरोबर असेल तर स्पीकरकडे वळा. सगळ्यात झटपट चाचणी बोटाची. स्पीकर चालू करून व्हॉल्यूम मध्यावर ठेवा, पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि तिच्या टोकाला बोट लावा. विजेवर चालणारा स्पीकर धडधाकट असेल तर घुर्र असा आवाज येतो. अगदी शांतता असेल तर स्पीकरचा ॲडॅप्टर, त्याचा खटका किंवा वायर तपासा. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये घरघर फार बारीक असते, तेव्हा त्यांची पिन सरळ मोबाइलला लावून बघा. यांत यूएसबी बहुधा फक्त वीज पुरवतं आणि आवाज ३.५ मिमीच्या पिनेतूनच येतो. ती पिन लोंबकळत राहिली तर दिवा लागतो, पण स्पीकर मुका राहतो.

मागच्या बाजूला स्पीकरचा जॅक फिकट हिरवा. गुलाबी मायक्रोफोनचा, फिकट निळा लाइन इनचा. काळा, नारिंगी आणि राखाडी हे जास्तीच्या स्पीकरांचे. जुन्या कॅबिनेटवर रंग धुळीने एकसारखे दिसतात, टॉर्च मारून बघा. पिन शेवटपर्यंत जाऊन खटका बसला पाहिजे. मागची धातूची पट्टी किंचित सरकलेली असली की ती पिनेला एखाद दोन मिलिमीटर बाहेरच अडवते, आणि मग एकाच बाजूने किंवा अजिबात आवाज येत नाही.

मोबाइलचा माइकवाला हेडफोन लावला असेल तर त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार संपर्क असतात. डेस्कटॉपचा साधा हिरवा जॅक तीन संपर्कांचा. दोघांचं जुळलं नाही की आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा येतो आणि गाण्यातला गायक गायब होतो. वायरीवरचं माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज नीट येत असेल, तर कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलेलं नाही. हेडफोन आणि माइक वेगळे करणारी वाय केबल लावा, काम झालं.

पुढच्या पॅनलची भानगड

वापरलेल्या डेस्कटॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा ही. कॅबिनेट बदललेलं असतं, पुढचा जॅक वर्षानुवर्षं ओढाताण सोसून ढिला झालेला असतो, आणि त्रास दिसतो मात्र मागच्या जॅकला.

एचडी ऑडिओ हे कॉम्प्युटरच्या साउंडचं २००४ मध्ये आलेलं मानक. त्यात प्रत्येक जॅकमध्ये पिन घातली आहे की नाही हे चिपला वेगळ्या संवेदन तारेतून कळतं. पुढे हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद होतात ते त्यामुळेच. आता पुढच्या जॅकमधली पिन ओळखणारी छोटी पत्ती वाकून अडकली, तर चिपला वाटतं की हेडफोन कायमचाच लावलेला आहे. मागचा हिरवा जॅक गप्प, विंडोजमध्ये सगळं ठीक, पट्ट्या नाचतायत. खात्री करायला कॉम्प्युटर बंद करा, विजेची वायर काढा, कॅबिनेट उघडून पुढच्या ऑडिओची केबल मदरबोर्डवरून उपसा आणि पुन्हा सुरू करा. मागून आवाज आला तर दोष पुढच्या जॅकचाच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक कापसाच्या काडीवर घेऊन आतून पुसा, पिन आठ-दहा वेळा आतबाहेर करा, वाळू द्या, मग केबल लावून बघा. तरीही अडकत असेल तर केबल काढलेलीच ठेवा.

केबल काढायची नसेल तर रिअलटेकच्या ऑडिओ मॅनेजरमध्ये पिवळ्या फोल्डरसारख्या चिन्हावर क्लिक करून 'डिसेबल फ्रंट पॅनल जॅक डिटेक्शन' ही खूण करता येते. मग चिप पुढच्या जॅकची वर्दी ऐकणंच सोडते.

केबल लावताना दोन चुका ठरलेल्या. कित्येक कॅबिनेटच्या ऑडिओ केबलला दोन प्लग असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७' (एचडी ऑडिओच्या आधीचं मानक). २००६-०७ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर एचडी ऑडिओचाच लावायचा, दुसरा तसाच लोंबकळू द्यायचा. दुसरी चूक म्हणजे प्लग भलत्याच पिनांवर बसवणं. ऑडिओच्या पिना नऊ आणि यूएसबीच्याही नऊच. पण ऑडिओत गाळलेली पिन आठवी, म्हणजे टोकाच्या एक घर अलीकडची, तर यूएसबीत ती अगदी कोपऱ्यातली. प्लगचं बुजवलेलं भोक आणि बोर्डावरची मोकळी जागा जुळली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय.

मशीन फारच जुनं, खऱ्या एसी ९७ बोर्डाचं असेल तर प्रकार उलटा असतो. तिथे आवाज आधी पुढच्या पॅनलकडे जातो आणि तिथून परत येऊन मागच्या जॅकला मिळतो. पुढची केबल काढून टाकली की वाटच तुटते आणि मागचा जॅक मुका होतो. कारखान्यातून अशा बोर्डावर पिन ५-६ आणि ९-१० यांच्यावर दोन छोटे जंपर (दोन पिना एकमेकींना जोडणाऱ्या टोप्या) लावून येतात. केबल लावताना कुणीतरी ते काढून टाकलेले असतात, नंतर ती केबलही काढली जाते आणि जंपर कुठे गेले कुणाला ठाऊक नसतं. ते परत बसवले की आवाज येतो. एचडी ऑडिओच्या बोर्डावर मात्र हा प्रयोग करू नका. तिथे त्याच पिनांचं काम वेगळं आहे.

ऑफिसमधून निघालेल्या डेल, एचपी, लेनोवोच्या अनेक डेस्कटॉपांत कॅबिनेटच्या आतच एक छोटा स्पीकर असतो. त्यातून आवाज येत नसेल तर त्याचा छोटा प्लग बोर्डावर लावलेला आहे का ते बघा. साफसफाईत तो हमखास सुटतो. सुरू होताना येणारी 'बीप' सहसा साउंड चिपवर अवलंबून नसते, त्यामुळे बीप ऐकू आली म्हणजे साउंड ठीक आहे असं समजू नका.

पट्ट्या हलतच नाहीत

हे लवकर आटपतं. ब्राउझरच्या टॅबवर राइट क्लिक करून साइट म्यूट केलेली नाही ना, ते पाहा. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. तिथे प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा असतो, आणि विंडोज १० व ११ मध्ये प्रत्येक ॲपला वेगळं आउटपुटही ठरवून देता येतं. आधीच्या मालकाने एखादं ॲप त्याच्या ब्लूटूथ हेडफोनला बांधून ठेवलेलं असेल, तर ते तुमच्या स्पीकरकडे वळत नाही. 'रीसेट' दाबा.

मग सर्व्हिसेस उघडून 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही चालू आहेत आणि त्यांचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' आहे का ते बघा. जुनं मशीन हलकं करायच्या नादात काटछाट केलेलं विंडोज टाकलेलं असतं, त्यात या सर्व्हिस बंद सापडतात. अशा विंडोजवर डोकं लावण्यापेक्षा मूळ विंडोज नव्याने टाकलेलं बरं.

स्पीकर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये सगळी 'एन्हान्समेंट्स' बंद करा, आणि 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये १६ बिट, ४८००० हर्ट्झ निवडून 'टेस्ट' दाबा. दूरच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल तर त्याचा आवाज तुमच्या बाजूला वळवलेला असतो, तिकडचे स्पीकर गप्प राहणारच.

डिव्हाइसच गायब

आधी बायोस. ऑफिसांमध्ये साउंड बायोसमधूनच बंद करून ठेवायची पद्धत असते आणि ते सेटिंग मदरबोर्डवर राहतं. हार्डडिस्क बदला, विंडोज दहादा टाका, काही फरक पडत नाही. मशीन सुरू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, लेनोवोमध्ये एफ१ आणि असेंबल केलेल्यात बहुधा डिलीट दाबत राहा. डेलमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मधलं 'ऑडिओ'. तिथे 'एनेबल ऑडिओ'सोबत आतल्या स्पीकरची वेगळी खूण असते. एचपीच्या ऑफिसच्या मॉडेलांत 'सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस सिक्युरिटी'त 'सिस्टिम ऑडिओ' सापडतं, आणि तिथे 'डिव्हाइस हिडन' असेल तर 'डिव्हाइस अव्हेलेबल' करायचं. आवाजाचं सेटिंग सिक्युरिटीत असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही, त्यामुळे हे हमखास नजरेतून सुटतं. लेनोवोमध्ये 'डिव्हायसेस', मग 'ऑडिओ सेटअप'. असेंबल केलेल्या बोर्डांवर 'ऑनबोर्ड डिव्हायसेस'खाली 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' किंवा जुन्यांत 'अझालिया' असं नाव मिळेल. बदल सेव्ह करून मशीन पूर्ण बंद करा आणि मग सुरू करा. बायोसला पासवर्ड असेल तर तो विकणाऱ्याकडूनच काढून घ्या.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. सेल मेलेला असला तर बायोसमध्ये केलेला बदल वीज गेल्यावर टिकत नाही.

बायोस ठीक असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि दोन ठिकाणं बघा. 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर', आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'मध्ये प्रत्यक्ष साउंड चिप, म्हणजे कोडेक. कंट्रोलर हा मदरबोर्डच्या चिपसेटचा भाग, तर कोडेक ही जॅकांजवळ बसवलेली वेगळी छोटी चिप. ग्राफिक्स कार्डाचाही आपला स्वतंत्र कंट्रोलर असतो, तेव्हा एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या तर गोंधळू नका.

दोन्ही दिसतायत पण पिवळा त्रिकोण आहे, तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही, बहुधा तो चुकीचा किंवा फार जुना. २२ म्हणजे कुणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला मान्य नाही.

चिप कोणती ते 'डिटेल्स' टॅबमधल्या 'हार्डवेअर आयडीज'मध्ये कळतं. 'व्हीईएन' नंतरची चार अक्षरं १०ईसी असतील तर रिअलटेक, ११०६ व्हीआयए, ११डी४ ॲनालॉग डिव्हायसेस, १४एफ१ कोनेक्झंट. १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी आणि ८०८६ इंटेल. या तीन बहुधा मॉनिटरकडे आवाज नेणाऱ्या नोंदी असतात, तुमच्या हिरव्या जॅकच्या नव्हेत.

ड्रायव्हर ब्रँडच्या मशीनचा असेल तर कॅबिनेटवरचा सर्व्हिस टॅग किंवा मॉडेल क्रमांक टाकून त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. असेंबल केलेल्यासाठी मदरबोर्डवर छापलेलं मॉडेल. आधी चिपसेटचा, मग ऑडिओचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारे प्रोग्राम टाकू नका. आवाजाच्या बाबतीत ते भलताच ड्रायव्हर चढवतात आणि वर नको ती सॉफ्टवेअरं टाकून जातात.

जुन्या चिपचा नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर निघालेलाच नसेल तरी अडत नाही. डिव्हाइसवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' असं जा आणि यादीतून साधं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. मायक्रोसॉफ्टचा हा सामान्य ड्रायव्हर बहुतेक सगळ्या एचडी ऑडिओ चिपांवर चालतो. इक्वलायझर वगैरे मिळत नाही, आवाज मिळतो. आधी चुकीचे ड्रायव्हर टाकले असतील तर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर फाइली पुसण्याच्या पर्यायावर खूण करा आणि रीस्टार्ट करा, नाहीतर तोच जुना ड्रायव्हर परत येऊन बसतो.

येतो आणि जातो

काल वाजत होता, आज नाही, रीस्टार्ट केलं की परत येतो. असं असेल तर फास्ट स्टार्टअपवर संशय घ्या. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे खरं बंद होणं नाही. विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसकट तसाच उचलतं. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटन काय करतं' या भागात फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

रीस्टार्टनेही न येणारा आवाज विजेची वायर काढल्यावर येतो, असाही प्रकार असतो. मशीन बंद असतानाही बोर्डाला स्टँडबायची वीज मिळत राहते आणि अडकलेली चिप तशीच अडकून बसते. बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण २०-३० सेकंद दाबून धरा, मग जोडा. हे वारंवार करावं लागत असेल तर बायोस अपडेट आहे का बघा, आणि पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहा.

विंडोज अपडेटनंतर गेला असेल तर डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटण फिकं असेल तर वर सांगितलेला सामान्य ड्रायव्हर निवडा.

टेबलाला धक्का लागला की खरखर होते, एक बाजू जाते-येते, तर दोष जॅकचा किंवा त्याच्या सोल्डरच्या टाक्याचा. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

चिपच गेली असेल तर

हा निष्कर्ष काढण्याआधी पेनड्राइव्हवर उबुंटू घेऊन मशीन त्यावरून सुरू करा. 'ट्राय' निवडलं की हार्डडिस्कला हात न लावता ते चालतं. साउंडच्या सेटिंगमध्ये ॲनालॉग आउटपुट निवडून टेस्ट दाबा. इथे आवाज आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि दोष विंडोजचा. बायोसमध्ये साउंड चालू असूनही इथेही फक्त एचडीएमआयच दिसत असेल, म्हणजे कंट्रोलर आहे पण कोडेक उत्तर देत नाही, तर चिप गेलेली समजा. हिरव्या जॅकच्या मागे बोर्डावर फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर दिसतात का तेही बघा. चिप दिसते, पण एकच बाजू अगदी क्षीण वाजते, तेव्हा दोष बऱ्याचदा तिथे असतो.

चिप बदलण्याच्या फंदात पडू नका. एवढ्याशा चिपला चारही बाजूंनी मिळून ४८ पाय असतात आणि त्या कामाच्या कष्टांपेक्षा यूएसबी साउंड ॲडॅप्टर कितीतरी परवडतो. तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. मागच्या यूएसबी पोर्टला लावा, डिफॉल्ट करा आणि बायोसमधून ऑनबोर्ड ऑडिओ बंद करून टाका, म्हणजे विंडोज परत मेलेल्या जॅककडे वळणार नाही. आतलं कार्डच हवं असेल तर घेण्याआधी स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्स्प्रेस ते पाहून घ्या. आणि कॅबिनेट बारीक चणीचं असेल तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी येते का तेही विचारा, नाहीतर कार्ड चालू असूनही झाकण बसत नाही.